मनगटावरचं पाणी

वसईबाय कुणालाही पाणी देण्याआधी ते स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची. पाहुणा असो, शेजारचं मूल असो, पार्किंगमधली मांजर असो, नाहीतर कुंडीतलं रोप. डावा हात उताणा धरायची, मनगटाच्या आतल्या बाजूवर चार थेंब सोडायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "गार आहे. घ्या." तान्ह्या बाळाचं दूध आपण बघतो ना, अगदी तसं. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा मला हसूच आलं. फ्रिजमधली बाटली माझ्यासमोर काढलेली, बाहेरून दव धरलेली, आणि ही बाई मनगटावर थेंब टाकून बघतेय. मी म्हटलं, "अगं, फ्रिजमधलं आहे ते!" तर म्हणते, "असू दे वैनी. ह्या गावात पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही."

दुबईत राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. इथे उन्हाळा लागला की नळ उलटे होतात. टाकी गच्चीवर, वरून ऊन असं की विचारू नका. त्यामुळे गार पाण्याचा नळ सोडला की चहा टाकावा इतकं कढत पाणी येतं. मग आम्ही काय करतो, तर गीझर बंद करून टाकतो. गीझर असतो आत, बाथरूमच्या छतात. घरातल्या एसीने त्यात साठलेलं पाणी निवतं. म्हणजे पाच महिने गरम पाणी हवं तर निळ्या खुणेचा नळ आणि गार हवं तर लाल खुणेचा. नवीन माणूस पहिल्या वर्षी चटका खातोच. माझी नात आन्या लहानपणी मला समजावून सांगायची, "आजी, इन समर रेड इज ब्लू अँड ब्लू इज रेड, ओके?" मी म्हणायची, ओके बाई, तुमच्या राज्यात काहीही.

तर ही वसईबाय आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहायची. खरं नाव मोनिका, माणूस वसईचं, धर्माने ख्रिस्ती. शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे तिचं मराठी माझ्या सुनेपेक्षा चांगलं. हॉटेलच्या लिननरूममध्ये बरीच वर्षं चादरी मोजल्या आणि गुडघे गेल्यावर घरी बसली. नवरा पास्कलभाऊ रुवैसला, तिकडे तेलाच्या कारखान्यांत. आठवडाभर ते तिकडे कॅम्पात, शुक्रवारी संध्याकाळी वाळवंटातून गाडी हाणत घरी. एकच मुलगा, तो कॅनडाला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. म्हणजे सोमवार ते शुक्रवार बाय एकटीच. एकटीच कशी म्हणा, तिच्या दारापुढे पाटभर अंगण होतं, त्यावर हिरवी जाळी बांधलेली आणि जाळीखाली रोपंच रोपं. वसईच्या वाडीत वाढलेली बाई ती. डबा रिकामा झाला की त्यात माती भरल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

ती उन्हाळ्यात कधी गावी जायची नाही. तिची सुट्टी नाताळात. आम्ही सगळ्या मात्र शाळा बंद झाल्या की पोरं घेऊन भारतात पळायचो, दोन महिने. मागे राहायचे नवरे आणि तुळशी. नवरे हॉटेलात जेवून जगतात. तुळशी कुठे जेवणार? एका वर्षी मी परत आले तर बाल्कनीत नुसती काडी. आमच्या समीरला विचारलं, "अरे, पाणी घातलंस का?" तर म्हणाला, "रोज घातलं आई. भरपूर." कुठल्या नळाचं ते विचारायची गरजच नव्हती. ती काडी घेऊन मी खाली कचऱ्याच्या खोलीकडे निघाले, तर बाय अंगणात उभी. माझ्या हातात बघून म्हणाली, "शिजवली ना? पुढच्या वर्षी माझ्याकडे ठेवून जा, वैनी. मी तशीही इथेच असते."

पुढच्या वर्षी मी माझी ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी कुलकर्णी, मग नाईक, मग तिसऱ्या मजल्यावरची मृदुला, आणि बघता बघता रिवाजच पडला. गेली काही वर्षं रमझानची नाहीतर बकरी, दोनांतली एक ईद उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. तो आमचा लाँग वीकेंड. पुरुष मंडळी आधीपासून फोन घेऊन बसलेली, चंद्र दिसला का, सुट्टी तीन दिवस की चार दिवस. कुणी खोरफक्कानच्या समुद्रावर जायचं म्हणतं, कुणी डोंगरावर. पण सुट्टीची पहिली संध्याकाळ बायकांची. ऊन उतरलं की सगळ्यांनी आपापली तुळस घेऊन खाली यायचं. लिफ्टमध्ये कुंड्या, सुपरमार्केटच्या ट्रॉलीत कुंड्या, पोरांच्या स्कूटरवर कुंड्या. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, मल्याळी, तो दार धरून उभा राहायचा आणि दरवर्षी विचारायचा, "आज शादी है क्या?"

शादीसारखंच असायचं. बाय सकाळपासून फुग्या तळायची, ते वसईकडचे गोल वडे, आंबवलेल्या पिठाचे, कापसासारखे. मी कैरीचं पन्हं न्यायची. कुणी आंबेडाळ, कुणी ढोकळा. अंगणात चटया, आत एसी फुल, दार उघडं, आणि पास्कलभाऊ मध्ये उभे राहून ओरडायचे, "बायकांनो, थंडी बाहेर चालली! यल्ला, चला, एक तर आत नाहीतर बाहेर!" मग बाय सगळ्यांना बाथरूममध्ये बोलवायची. हो, बाथरूममध्ये. दाराशी आम्ही दाटीवाटीने उभ्या, आणि ती गीझरचं बटन खाली करायची, वर चिकटपट्टी लावायची, आणि म्हणायची, "झोप बाबा. आता गणपतीपर्यंत उठू नको." आम्ही टाळ्या वाजवायचो. आमचा उन्हाळा तिथून सुरू. कॅलेंडर काहीही म्हणो.

तुळशींना ती आमच्या नावांनी ओळखायची. उन्हाळ्यात मी पुण्याहून फोन केला की बातम्या मिळायच्या. "कुलकर्णीण आज रुसलीय. नाईकीण माजलीय, शेंडा खुडला तिचा. मृदुलाची गरीब गाय, कोपऱ्यात बसून असते. आणि तुमची बडबडी हो वैनी, नुसती फुटत सुटलीय, तुमच्यासारखीच!" माझी काळी तुळस होती, जांभळ्या देठांची. मृदुलाची साधीच, पण तिच्या आईच्या वृंदावनातल्या बियांची. आई गेली, घर विकलं, वृंदावन गेलं. उरलं ते एवढं रोप. मृदुला ते ठेवायला यायची तेव्हा लहान मुलीला शाळेत सोडायला आल्यासारखी घुटमळायची.

बायला घुटमळणं चालायचं नाही. "ठेवलंस ना? आता पाठ फिरव आणि जा. मागे बघायचं नाही. मागे बघितलं की रोप हिरमुसतं." हा तिचा कायदा. कुठून आला कोण जाणे. मला वाटतं, मुलाला विमानतळावर सोडलं तेव्हा तिने तो स्वतःसाठी केला असावा. मी विचारलं नाही.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "तुळस ठेवायची खरी, पण त्यांच्या घरात मासे तळतात." हे बायच्या कानावर गेलं. ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "आजी, तुमच्या तुळशीने तक्रार केली तर सांगा, मी बाहेर तळीन." पण मला ठाऊक आहे, मी बघितलंय. उन्हाळ्यात तुळशी आत, तिच्या घरातल्या पॅसेजमध्ये असायच्या, आणि बोंबील तळायच्या आधी ती त्या कुंड्यांपुढे उभी राहायची आणि म्हणायची, "बायांनो, तोंडं फिरवा जरा." आणि खरोखर एकेक कुंडी अर्धी फिरवायची! संध्याकाळी तिची जपमाळ असायची, तीही तिथेच खुर्ची टाकून. माझ्या तुळशीने एका उन्हाळ्यात जितक्या प्रार्थना ऐकल्या तितक्या माझ्याकडून वर्षभरात ऐकल्या नसतील.

पाणी पहाटेचं. लाल नळाचं, एका वेळी एकच बादली, कारण जास्त काढलं की गच्चीवरचं कढत पाणी आत भरतं. मग गीझरला निवायला वेळ द्यायचा आणि दुसरी बादली. आणि प्रत्येक मग ओतायच्या आधी मनगट. प्रत्येक मग हं. मी म्हणायची, "अगं, एकाच बादलीतलं आहे ना!" ती म्हणायची, "त्यांना कुठे हात काढून घेता येतो?"

गेल्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लाँग वीकेंडला आम्ही नेहमीसारख्या जमलो. फुग्या झाल्या, टाळ्या झाल्या. बायने मला पाण्याचा ग्लास दिला. मी घेतला, प्यायले, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय ते वर घरी आल्यावर ध्यानात आलं. तिने मनगट पुढे केलंच नव्हतं. मी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो आई, गडबडीत विसरल्या असतील." मलाही तसंच वाटलं.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून फोन केला की बातम्या मिळायच्या, पण त्याच त्याच. कुलकर्णीण रुसलीय. नाईकीण माजलीय. परवा सांगितलेलं आज पुन्हा, त्याच शब्दांत. मला वाटलं, एकटीला कंटाळा आलाय.

ऑगस्टच्या शेवटी परतलो आणि सगळ्या मिळून तुळशी आणायला खाली गेलो. बाय हसत दारात. पॅसेजमध्ये कुंड्या ओळीने, सगळ्या हिरव्यागार. "घ्या तुमची बडबडी," म्हणून तिने माझी कुंडी माझ्या हातात दिली. कुंडी माझीच होती, कडेला चीर गेलेली. पण माझी तुळस काळी, आणि ह्या कुंडीत पोपटी पानांचं, साध्या देठाचं रोप. मी बायकडे बघितलं. ती मोठ्या मायेने त्या रोपाच्या शेंड्यावरून बोट फिरवत होती. मी म्हटलं, "छान वाढवलीस गं."

लिफ्टचं दार लागलं आणि मृदुला म्हणाली, "काकू, ही माझी नाही."

कुलकर्णी कुंडीतल्या मातीकडे बघत होत्या. एकीच्याही हातातली तुळस तिची स्वतःची नव्हती.

पास्कलभाऊंनी मला शनिवारी पार्किंगमध्ये गाठलं. मोठा धिप्पाड माणूस, पण गाडीच्या टपावर हात ठेवून असा उभा होता की टप नसता तर पडला असता. म्हणाले, "वैनी, जुलैत एका शुक्रवारी घरी आलो. दार उघडलं तर पॅसेजमध्ये शिजलेल्या पाल्याचा वास. सगळ्या काळ्या पडलेल्या. आणि ही मग घेऊन फिरतेय, निळ्या नळाचं पाणी, हात लावला तर मलाच चटका बसला. मला म्हणते, पास्कल, बघ ना, आज सगळ्याच रुसल्यात. रविवारी तिला चर्चमध्ये बसवलं आणि नर्सरीत जाऊन मिळतील तेवढी रोपं आणली. कुंड्या त्याच. निळ्या नळाची मूठ काढून ठेवली. ती परत आली आणि त्याच नावांनी हाका मारायला लागली. तिला कळलं नाही, वैनी. तुम्ही कुणी सांगू नका, प्लीज." आणि मग हळूच, "तुमची काळी होती ना? काळी मिळाली नाही."

त्या आठवड्यात मी एकेकीकडे चहाला जाऊन बसले. कुणाला समजावावं लागलं नाही, फक्त मृदुलापाशी चहा निवेपर्यंत मी विषय काढला नाही. ती म्हणाली, "काकू, मी त्यांना काही बोलणार नाही. पण मला विसरता येणार नाही. आईचं तेवढंच होतं हो."

पुढे ते वाढतच गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहेच, हल्ली घराघरांत ऐकू येतं. बाय लिफ्टमधून आमच्या मजल्यावर यायची आणि कशाला आलो ते विसरून माझ्याकडे बघून हसायची. मी म्हणायची, "चहाला आलीस ना? ये." पास्कलभाऊ रुवैसहून आठवड्यात मध्येच यायला लागले. मॅनेजर चांगला होता म्हणून चाललं तेवढं चाललं.

आणि मग आला गेल्या वर्षीचा लाँग वीकेंड, बकरी ईदचा. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती. सुट्टी जाहीर झाली, चंद्राचे फोटो आले, बिर्याणीचे आले, पण तुळशीचं कुणी नाव काढेना. शेवटी कुणीतरी लिहिलं, आमच्या ऑफिसमधली एक ओळखीची ठेवून घेईल म्हणतेय. दुसरीने लिहिलं, ह्या वर्षी यांनाच शिकवते. मला राग आला, पण कुणावर काढू? शिजून मरायला रोप कोण देईल? मी फक्त लिहिलं, मी पन्हं घेऊन जातेय, सहा वाजता. सून म्हणाली, "आई, कुंडीसुद्धा नेणार?" म्हटलं, "तिने तिचं दार उघडं ठेवलेलं असणार. रिकाम्या हाताने कशी जाऊ?" आन्या म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ प्लांट." मी म्हटलं, "म्हणूनच नेते."

खाली गेले तर अंगण झाडलेलं, चटया घातलेल्या. पास्कलभाऊंनी फुग्यांचा ढीग केलेला, ह्या वेळी त्यांनीच तळलेल्या, काही जळक्या. बाय नव्या साडीत खुर्चीवर बसलेली, नजर फाटकावर. मी माझी कुंडी ठेवली. ती एकटीच त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत अशी दिसत होती की मला वाटलं उचलून परत न्यावी. बाय म्हणाली, "बाकीच्या?" मी म्हटलं, "येतील गं. ट्रॅफिक असेल." लिफ्टमध्ये कसलं आलंय ट्रॅफिक! पास्कलभाऊ आत जाऊन उगाच भांडी वाजवायला लागले. फुग्या निवत चालल्या. बायने दोनदा पदर सारखा केला. मग तिसऱ्यांदा.

फाटक वाजलं. मृदुला होती. कडेवर कुंडी, मागे तिची छोटी मुलगी पंख्यासारखी ओढणी पसरून रोपावर सावली धरत. मृदुलाने माझ्या कुंडीशेजारी तिची कुंडी ठेवली, आणि नेहमीसारखी घुटमळली. तिने वरून फोन केला असावा, कारण थोड्या वेळाने नाईक आल्या, मग कुलकर्णी, आणि मग त्या चौथ्या मजल्यावरच्या मासेवाल्या आजीसुद्धा, नातीच्या हाताला धरून, स्टीलच्या डब्यात लावलेलं बोटभर रोप घेऊन. नातूर दार धरून उभा. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही.

बायने सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली. त्या दिवशी तिचं डोकं स्वच्छ होतं, असे दिवस मधूनमधून यायचे. मला आत बाथरूममध्ये बोलावलं. मला वाटलं, गीझर. पण तिने दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वैनी, ह्या त्या नव्हेत. मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तुमची काळी होती. पास्कलला सांगू नका हं, बिचाऱ्याला वाटतं मला कळलं नाही. एवढ्या उन्हात फिरून आणल्यात त्याने." मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "मी शिजवल्या त्या. कशा, ते आठवत नाही. तेवढंच आठवत नाही." मग नळाकडे बोट दाखवलं. "ह्या वर्षी ठेवू नका माझ्याकडे. आजचा दिवस असू देत. बरं वाटतं. उद्या सकाळी घेऊन जा."

आणि तिने बाहेर येऊन मृदुलाला हाक मारली. ब्लाउजमधून रुमालाची छोटी पुरचुंडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "तुझ्या आईच्या मंजिऱ्या. दरवर्षी खुडून ठेवायची मी. पेर." मृदुला पुरचुंडी मुठीत धरून उभी राहिली आणि मग तिने बायला जी मिठी मारली, ती बराच वेळ सोडेना. बाय तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "रडायचं नाही. खारं पाणी रोपाला चालत नाही." गीझर त्या दिवशी पास्कलभाऊंनी बंद केला. टाळ्या आम्ही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंड्या परत आणल्या. बाय एकेकीच्या हातात देत होती आणि प्रत्येकीला सांगत होती, मागे बघू नको. कुणी बघितलं नाही. कुणाची हिंमत होती?

मृदुलाने त्या बिया पेरल्या. आठवड्याभरात कोंब आले, भराभर, जोमदार. मी मोठ्या आनंदाने बघायला गेले. वाकून पान चुरगाळलं, वास घेतला, आणि तशीच वाकलेली राहिले. मेथी होती. मृदुला म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं, काकू. बियाच तशा होत्या." मग हसली, हसता हसता डोळे पुसले. "आईलाही मेथी आवडायची." तिने ती खुडली नाही. वाढून, फुलून, वाळून जाईपर्यंत बाल्कनीत ठेवली.

सप्टेंबरात पास्कलभाऊंनी नोकरी सोडली. "जॉब खलास, व्हिसा खलास, चला आता वाडीत," असं सगळ्यांना हसून सांगत होते. इथे असंच असतं. माणूस किती का वर्षं राहीना, व्हिसा संपला की घर एका महिन्यात खोक्यांत भरतं. रोपं आम्ही वाटून घेतली. हिरवी जाळी मी मागून घेतली. टॅक्सी आली तेव्हा बायला नीट कळत नव्हतं की कुठे चाललोय, तिला वाटत होतं नाताळ आला. टॅक्सीत बसताना तिने आमच्याकडे बघून हात केला आणि समोर तोंड केलं. गाडी वळेपर्यंत मी तिच्या डोक्याकडे बघत होते. ते हललं नाही. कायदा तिला पाठ होता.

ह्या वर्षी मी भारतात गेले नाही. मुलगा-सून दोघं म्हणाले, आई, एकटी काय करणार इथे? म्हटलं, एकटी कशी. लाँग वीकेंडला बायका कुंड्या घेऊन माझ्या दाराशी आल्या. माझ्या बाल्कनीला ती जाळी बांधलीय. गीझर बंद करताना चिकटपट्टी माझ्या हातून वाकडी लागली. फुग्या कुणालाच जमत नाहीत, म्हणून भजी केली. टाळ्या वाजल्या, पण कुणी जोरात वाजवल्या नाहीत.

बायका खाली उतरल्या आणि पास्कलभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना तारीख आठवत होती. म्हणाले, "वैनी, आज गीझर ना?" मागे दिव्याच्या उजेडात केळी, विहीर, विहिरीवरचा रहाट. ते म्हणाले, "नावं सगळी गेली आता. माझंसुद्धा जातं-येतं. पण रोज पहाटे आणि संध्याकाळी रोपांना पाणी घालायला उठते. थांबा, दाखवतो."

बाय विहिरीपाशी उभी होती, बारीक झालेली, केस कापलेले, हातात मग. विहिरीतून नुकतं काढलेलं पाणी, वसईतलं, गारच असणार. पण तिने डावा हात उताणा धरला, मनगटावर चार थेंब सोडले, आणि डोळे मिटले. उघडले तरी तिला काही ठरवता आलेलं दिसत नव्हतं. पुन्हा थेंब सोडले. पास्कलभाऊ म्हणाले, "हे असं अर्धा अर्धा तास चालतं, वैनी. मी सांगितलेलं तिला पटत नाही." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखीचं काहीच नव्हतं त्या बघण्यात. एखाद्या वाटेवरच्या बाईला विचारावं तसं तिने मग फोनजवळ आणला आणि विचारलं, "तू बघ गं जरा. गार आहे का?"

मला ती नेहमी अहो-जाहो करायची.

मी बाल्कनीत उभी होते, मागे कुंड्या, समोर तापलेला रस्ता. मी डावा हात उताणा धरला, फोनसमोर, तिला दिसेल असा. तिने तिकडे मग तिरका केला. मी क्षणभर डोळे मिटले.

"गार आहे, बाय," मी म्हटलं. "घाल."